लार्जमाउथ बाससाठी लूर: आधी पाणी बघा

अमेरिकेत तळ्यावर लार्जमाउथ बास हा मासा धरायला निघालात, तर लूर, म्हणजे माशाला भुलवणारं नकली आमिष, निवडण्याआधी पाणी बघा. नितळ पाण्यात हिरवट-तपकिरी रंग, गढूळ पाण्यात काळा-निळा. गढूळात गडद आकृती माशाला चटकन जाणवते.

नवख्याने एकच लूर घ्यायचा तर माझ्या मते मऊ प्लास्टिकचा गांडूळ घ्यावा, तोही टेक्सास रिगवर. म्हणजे पुढे गोळीच्या आकाराचं छोटं वजन आणि गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपवलेलं. असा गांडूळ पाणवनस्पतींत, बुडालेल्या फांद्यांत सहसा अडकत नाही, आणि बास दबा धरून बसतो तो नेमका तिथेच. गांडूळ तळाला टेकू द्या, रॉडचं टोक हळूच उचला, पुन्हा पडू द्या. पुष्कळदा मासा तो खाली पडतानाच घेतो, म्हणून दोरीवरची नजर हटवू नका. दोरी बाजूला सरकली की सैल भाग गुंडाळून झटका द्या. थंड पाण्यात मासा सुस्त असतो, तेव्हा हेच आणखी सावकाश करा.

उन्हाळ्यात पहाटे पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारा आणि ओढला की आवाज करणारा लूर, वापरून बघा.

राज्याचं फिशिंग लायसन्स आधी काढा, आणि फाटलेले प्लास्टिकचे गांडूळ पाण्यात मुळीच टाकू नका. मासे ते गिळतात.