ठाण्याहून नागपूर: तिकिटावरच्या दीड तासाला भुलू नका

नागपूरहून नोकरीसाठी ठाण्यात आलेल्या माणसाचा पहिल्या दिवाळीला हा हिशेब हमखास चुकतो. माझाही चुकला होता. हवाई अंतर जेमतेम ६९० किलोमीटर, दीड तासात नागपूरचं सोनेगाव विमानतळ. तीनचं विमान आहे, एकला निघू म्हटलं. पवईच्या अलीकडे गांधीनगरच्या सिग्नलला टॅक्सी अडकली ती अडकलीच. सिग्नल चारदा हिरवा झाला, आम्ही तिथेच. काउंटरवर पोचलो तेव्हा बॅगा घेणं बंद झालं होतं. त्याच संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात, दाराजवळ बॅगेवर बसून घरी गेलो.

तेव्हापासून टॅक्सीच्या नादी लागत नाही. लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो १ ने मरोळ नाका, मग सरकत्या जिन्यांनी खाली खाली उतरत मेट्रो ३. पुढचंच स्टेशन विमानतळाचं टर्मिनल २, म्हणजे टी-२. टी-१ला जायचं तर मधे सहार रोड लागतं. सगळं मिळून तास-सव्वा तास. सकाळच्या गर्दीत बॅग घेऊन फास्टमध्ये चढायची हिंमत करू नका, ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा. पाच-सात मिनिटं जास्त जातील, पण बसायला मिळेल.

निघण्याआधी तिकीट नीट वाचा. टर्मिनल कोणतं हे तर बघाच, पण विमानतळ कोणता हेही बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. तिकिटावर 'एनएमआय' असेल तर अंधेरीकडे नाही, ऐरोली-बेलापूरकडे निघायचं. वाशी-नेरूळला राहणाऱ्यांची यात चंगळ आहे.

आता बेरीज करा: सव्वा तास प्रवास, दोन तास आधी पोचणं, दीड तास विमान, उतरून बॅग घेऊन घर गाठायला आणखी तासभर. झाले की पावणेसहा! परतताना थोडं जास्तच धरा. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे मुंबईकडे येताना तो तोंडावर. त्यात मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. मग विमान वर घिरट्या घालतं आणि आपण खिडकीतून तीच डोंगररांग पुन्हा बघतो.

रस्त्याने जायचं तर समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. ७०१ किलोमीटर, आठ तास. पण तो आमण्याला संपतो, आणि भिवंडी बायपास ते माजिवडा हा तुकडा नशिबावर. दुचाकीला परवानगी नाही, विचारूही नका.

खरं विचाराल तर घाई नसेल तेव्हा मी आजही विदर्भच पकडतो. संध्याकाळी नागपूरला बसलं की झोपेत रस्ता सरतो आणि ती ठाण्याला थांबते, विमानतळावरून परत उलटं यायला नको. फक्त कल्याण गेलं की चपला शोधायला लागा, ठाण्याला गाडी फार वेळ थांबत नाही.