कच्च्या तेलातले सूक्ष्म धातू: आधी ब्लँक सांभाळा

कच्च्या तेलातलं लोह किंवा व्हॅनेडियम आयसीपीवर (अतितप्त आर्गॉन वायूच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, मदतीने धातू मोजणाऱ्या यंत्रावर) नीट दिसत नसेल, तर प्लाझ्माची पॉवर वाढवण्याआधी ब्लँक (नमुना न घालता तसंच तयार केलेलं द्रावण) तपासा. शोधमर्यादा, म्हणजे ओळखता येणारं सर्वांत कमी प्रमाण, ही ब्लँकच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले अंशांकन रेषेचा (ज्ञात प्रमाणाला मिळणाऱ्या सिग्नलच्या रेषेचा) चढ. ब्लँकच वरखाली होत असेल, तर नुसता सिग्नल वाढवून काही साधत नाही. मराठवाड्यातल्या प्रयोगशाळांनी हे जास्तच जपावं. इथली काळी माती बेसाल्टची, तिच्या धुळीत लोह भरपूर आणि व्हॅनेडियमही असतं. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम. भांडी काचेऐवजी पीएफए किंवा पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची घ्या, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर बुडवा, १८.२ मेगाओमच्या अतिशुद्ध पाण्याने धुवा आणि झाकूनच वाळवा.

नमुना बंद बाटलीत ६० अंशांपर्यंत गरम करून जोरात हलवा. निकेल-व्हॅनेडियमचा मोठा भाग अस्फाल्टीनमध्ये, म्हणजे तेलातल्या खाली बसणाऱ्या जड भागात, असतो. वरवरचं तेल उचललं तर आकडा हमखास चुकतो. पारा मोजायचा असेल तर त्याचा वाटा गरम करण्याआधीच वेगळा काढा.

मायक्रोवेव्ह पाचनात (तेल आम्लात तापवून विघटित करताना) ०.३ ग्रॅम तेल, ७ मिली नायट्रिक आणि १ मिली हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. झाकण लावण्याआधी वायू निघून जाऊ द्या, मग सावकाश २०० अंशांपर्यंत न्या. तेल जास्त घेतलं तर दाब धोकादायक वाढतो. द्रावण २५ मिली केलं की विरलन ८३ पट होतं; द्रावणातली ०.१ मायक्रोग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा तेलात सुमारे ८ मायक्रोग्रॅम प्रति किलोवर जाते.

संवेदनशीलता खरोखर हवी असेल तर पाचनाऐवजी १ ग्रॅम तेल झायलीनमध्ये वजनाने १० ग्रॅम करा. केरोसीन टाळा, जड तेलातलं अस्फाल्टीन त्यात खाली बसतं. इथे अडचण कार्बनची: तो टॉर्चवर (प्लाझ्माच्या नळीवर) आणि कोनवर (प्लाझ्मातून आयन आत घेणाऱ्या शंकूवर) साचतो, सिग्नल हळूहळू घसरतो. स्प्रे चेंबर (द्रावणाचे फवारे जिथे बनतात तो भाग) शून्याखाली थंड ठेवा, अरुंद इंजेक्टर लावा आणि आर्गॉनमध्ये थोडा ऑक्सिजन सोडा. प्लाझ्माच्या मधोमध दिसणारी हिरवी जीभ आखडेपर्यंतच तो वाढवा. आयसीपी-एमएसवर (आयन वस्तुमानाने ओळखणाऱ्या प्रकारावर) प्लॅटिनम कोन हवेत. ऑक्सिजन निकेलचे कोन खातो, शिवाय निकेलची पार्श्वभूमीही चढते. पंपाची नळी पीव्हीसीची नको, झायलीनमध्ये ती बिघडते.

मानकं (ज्ञात प्रमाणाची द्रावणं) आणि ब्लँक, दोन्हींत नमुन्याइतकंच धातुमुक्त बेस ऑइल घाला, म्हणजे श्यानता जुळते. सगळ्यांत अंतर्गत मानक म्हणून सेंद्रिय यिट्रियम सारख्या प्रमाणात टाका, म्हणजे सिग्नलची घसरण दुरुस्त करता येते.

आयसीपी-एमएसवर लोह-५६ वर आर्गॉन-ऑक्साइड आणि क्रोमियम-५२ वर आर्गॉन-कार्बन येऊन बसतात, कारण त्यांचं वस्तुमान तितकंच असतं. ऑक्सिजन सोडल्यावर पहिला त्रास वाढतो. या दोघांसाठी हीलियम सेल (असे रेणू हीलियमशी टक्कर घडवून गाळणारा कक्ष) वापरा. तेलात खारं पाणी असेल तर व्हॅनेडियम-५१ आणि आर्सेनिक-७५ साठीही तीच वापरा, कारण तिथे क्लोरीनचे रेणू आड येतात. ज्यांना असा अडथळा नाही त्या मूलद्रव्यांना हीलियम नको, त्याने सिग्नल उतरतो.

उन्हाळ्यात तापमान चाळिशीपार गेलं की उघड्या व्हायलमधलं झायलीन उडून नमुना घट्ट होतो. झाकणं लावा आणि प्रत्येक दहा नमुन्यांनंतर मानक पुन्हा चालवा. शेवटी पूर्ण प्रक्रियेतून गेलेले दहा ब्लँक मोजून शोधमर्यादा काढा आणि एनआयएसटी १६३४सी या प्रमाणित संदर्भ इंधनतेलावर निकेल-व्हॅनेडियमचे आकडे पडताळा.