गणितातल्या अनेकार्थी शब्दाचा माग कसा काढावा

गणिताची आपली बरीचशी परिभाषा रोजच्या वापरातल्या शब्दांतूनच घडलेली आहे. त्यामुळे एखाद्या संज्ञेचे मूळ शोधताना प्रथम तिचे व्यवहारातले सगळे अर्थ कागदावर उतरवावेत. ‘कोटी’ म्हणजे शंभर लाख आणि ‘कोटी’ म्हणजे शब्दावर केलेला विनोदही. पण ‘कोटिज्या’मधली (म्हणजे त्रिकोणमितीतल्या ‘कोसाइन’मधली) कोटी या दोन्हींत बसत नाही.

अशा वेळी शब्द एकटा न पाहता त्याचे सोबती पाहावेत. ज्या, जीवा, चाप, शर आणि कोटी हे शब्द शेजारी मांडले, की धनुष्य डोळ्यांसमोर उभे राहते: चाप म्हणजे धनुष्य, ज्या किंवा जीवा म्हणजे त्याची दोरी, शर म्हणजे बाण आणि कोटी म्हणजे धनुष्याचे टोक.

त्यानंतर सामासिक शब्दाची फोड करावी. ‘त्रिज्या’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे, कारण त्यातले ‘त्रि’ नेमके कशाचे, हे शाळेत सहसा कोणी सांगत नाही. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास अर्ध्या जीवेला ‘अर्धज्या’ म्हटले. पुढे त्यातले ‘अर्ध’ गळून नुसती ‘ज्या’ उरली. ‘त्रि’ म्हणजे तीन राशी. एक राशी ३० अंशांची, म्हणून तीन राशींचा कोन ९० अंशांचा, आणि ९० अंशांची ज्या बरोबर वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराएवढी भरते. खळ्यातली धान्याची रास, पत्रिकेतली रास आणि त्रैराशिकातली राशी हाही एकच शब्द आहे.

शब्द परदेशी गेला असेल, तर तिथला प्रवासही तपासावा. ‘जीवा’ अरबीत ‘जीबा’ झाली. स्वरचिन्हांविना लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी किंवा छाती, असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे ‘सायनस’ असे भाषांतर झाले. त्रिकोणमितीतला ‘साइन’ आणि सर्दीत ठणकणारे सायनस असे एका घरचे ठरतात.

मात्र उच्चारसाम्यावर विसंबू नये. महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांत ‘कंस’ हे वर्तुळाच्या भागाचे नाव आहे आणि लेखनातल्या चिन्हाचेही. तेवढ्यावरून कोणी मथुरेच्या राजापर्यंत पोहोचू नये. जुन्या ग्रंथातला प्रयोग किंवा विश्वासार्ह व्युत्पत्तिकोशाचा आधार मिळेपर्यंत अशी जोडणी तर्क म्हणूनच नोंदवावी.