दगडी भिंतीच्या दरजा चुन्यानेच भरा

पुण्यात कॅम्पात, खडकीत इंग्रजी अमदानीतली काळ्या दगडाची घरं अजून उभी आहेत. पाऊस सरला की त्यांच्या मालकांचे मला फोन येतात: आतून ओल आलीय, गिलावा गळतोय. जाऊन बघावं तर दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांधी, कुणीतरी सिमेंटने भरलेल्या असतात. फार जीव तुटतो.

आपला काळा दगड घट्ट असतो. भिंतीतली ओल बाहेर पडते ती मुख्यतः दरजांमधल्या चुन्यातून. तिथे सिमेंट बसलं की वाट बंद होते, ओल आत वळते आणि लोणा धरतो, म्हणजे भिंतीवर पांढरे क्षार फुलतात. वीटकाम असेल तर हाल आणखी वाईट, कारण क्षार विटेतच साठतात आणि तिचे पापुद्रे सुटायला लागतात.

काम काढण्याआधी एक सकाळ काढून महात्मा फुले मंडईची १८८६ सालची दगडी इमारत बघा. मग कॅम्पात डेव्हिड ससूनने बांधवलेलं, १८६७ साली पुरं झालेलं ज्यूंचं लाल देऊळ रस्त्यावरून बघा. दरजेची जाडी किती, रंग कसा, हे नजरेत बसवा आणि घरी येऊन आपल्या भिंतीशी ताडा. वास्तू वारसा यादीत असेल तर परवानगी आधी घ्या.

कळीचा चुना (भाजलेल्या चुन्याचे कोरडे खडे) पाण्यात विरवताना पाणी आधी, चुना नंतर, तोही थोडा थोडा. पाणी उकळायला लागतं, म्हणून डोळ्यांवर गॉगल, हातात रबरी मोजे हवेतच आणि पोरं लांब. विरलेला चुना गाळून पाण्याखाली निदान महिनाभर मुरू द्या. इथे घाई करणाऱ्याचं काम मी घेत नाही. मग एक भाग चुना, दोन-अडीच भाग धुतलेली वाळू आणि थोडी सुरखी (भाजक्या विटेची पूड). चुन्यात गूळ-हिरडा घालायचा का, असं बरेच जण विचारतात. प्रमाण जाणणारा गवंडी असेल तरच घाला, नाहीतर स्वच्छ वाळू आणि भरपूर मळणी पुरते. आमचे गवंडीमामा थापीवर गोळा घेऊन थापी उलटी धरतात. गोळा सुटला, तर माल परत मळायला जातो.

जुनी दरज छिन्नी-हातोडीने, रुंदीच्या दुप्पट खोल उकरा. ग्राइंडर लावू देऊ नका, दगडाच्या कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. धूळ धुऊन भिंत चांगली भिजवा. खोल दरज एका दमात न भरता थराथराने दाबून भरा. चुना दगडाच्या तोंडावर पसरू नका, कडेपासून किंचित आतच ठेवा. त्यावर ओली गोणपाटं टांगून आठवडाभर पाणी मारत राहा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. उन्हात भसकन वाळला तर भुगा होतो. म्हणून काम दिवाळीनंतर काढा आणि शिमग्याच्या आत उरका.

आतला नवा गिलावाही चुन्याचाच, आणि तोही भिंत पुरती सुकल्यावर. वर ऑइलपेंट नको, चुन्याची सफेदी द्या. पन्हळ फुटकी असेल किंवा भिंतीत पिंपळ रुजला असेल, तर तो बंदोबस्त दरजांच्याही आधी करून घ्या.