हृदय बदलण्याआधी मनाची तपासणी : तयारी कशी करायची

प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागण्याआधी ह्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, तेव्हा हे चिडले. "मला काय वेड लागलंय?" तसं नसतं. गोळ्या जन्मभर वेळेवर घेतल्या जातील का, घरात सोबतीला कोण आहे, व्यसन सुटलंय का, हे त्यांना बघायचं असतं. म्हणून खरं तेच सांगा. ह्यांनी तंबाखू लपवली होती, मी तिथेच सांगून टाकली. दोन दिवस अबोला होता, पण तंबाखू सोडवण्याचे उपचार वेळेत सुरू झाले.

रोज काळजी घेणाऱ्या माणसानेच बरोबर जावं. बहुधा पीएचक्यू-9 ही नैराश्य तपासायची प्रश्नावली देतात : मागच्या 2 आठवड्यांबद्दल 9 प्रश्न, 0 ते 27 गुण. 10 किंवा जास्त आले तर पुढे नीट तपासतात. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा आहे. तो भरताना तुम्ही बाहेर जाऊन बसा.

खरी कसोटी ऑपरेशननंतरची. स्टिरॉइडने झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, त्यामुळे जिना चढताना ठोके उशिरा वाढतात. आधी हे कोणीतरी समजावून द्यायला हवं. हे पहाटे उठून मनगटावर दोन बोटं ठेवून बसायचे. मी वहीत रोज तीनच गोष्टी लिहायचे : झोप किती, कुठवर चालले, कोणाशी बोलले. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडली.

"ज्याचं हृदय, त्याच्या घरी आज काय चाललं असेल?" असं एका रात्री त्यांनी विचारलं. तुमच्याकडेही विचारतील. विषय बदलू नका, जवळ बसा.