मुरबाड-कर्जतकडे सायकल काढताय? या चुका टाळा

मुंबईतून सायकल घेऊन बाहेर पडणारे बहुतेक जण घाटाला दबकून असतात. बोरघाट, कसारा, माळशेज म्हटलं की आठवडाभर तयारी चालते. पण बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्यानं मुरबाड, तिथून म्हसा, कळंब, कशेळे करत कर्जत, असा बेत ठरला की ‘हा तर सपाट रस्ता’ म्हणून लोक एका बाटलीवर निघतात. झाडाखाली पोटऱ्या चोळत बसलेले सायकलवाले मी बोरघाटापेक्षा याच रस्त्यावर जास्त पाहिलेत. घाट एकदा चढलात की मोठा उतार मिळतो, पाय सुटतात. इथं ओढ्यावरच्या मोरीकडे उतरायचं, लगेच समोरचं टेपाड चढायचं, की पुढची मोरी. सत्तरेक किलोमीटर हेच चालतं आणि पायांना विसावा असा मिळतच नाही.

म्हणून पहिली चूक वेगाची. प्रत्येक टेपाड छोटं दिसतं, त्यामुळे उभं राहून जोरात मारून न्यायचा मोह होतो. पहिली दहा टेपाडं तशी जातातही. मुरबाड येईपर्यंत मांड्या भरून येतात आणि खरा रस्ता तर पुढेच असतो. चढावर बसूनच चालवा, शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता येतील एवढाच दम लावा आणि उतारावर मिळालेला वेग पुढच्या चढाला वापरा.

गिअरचंही तसंच. चढ सुरू झाल्यावर, पेडलवर पूर्ण वजन असताना पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चक्र, बदलली की चेन उतरते. मोरी ओलांडता ओलांडताच गिअर हलका करून ठेवा. चेन उतरलीच तर ओढाताण करू नका. पुढचा गिअर लहान चेनरिंगवर घ्या, मागचा डिरेलर (चेन ताणून धरणारा, गिअर बदलणारा भाग) हातानं पुढे ढकला म्हणजे चेन सैल पडते, ती चेनरिंगच्या खालच्या दातांवर बसवा आणि पेडल उलटं फिरवा. गुडघा समोरून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय. मागून दुखत असेल तर सीट वर गेली असण्याची शक्यता जास्त.

आता पंक्चर. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण या रस्त्यावर बाभूळ आहे आणि रोड बाइकचे, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगानं पळवायच्या सायकलींचे, टायर बारीक असतात.

एकदा म्हशाच्या अलीकडे माझी मागची ट्यूब गेली. घाईत नवी ट्यूब टाकली, हवा भरली, दीड-दोन किलोमीटर गेलो आणि पुन्हा चाक बसलं. तेव्हा टायर पूर्ण काढून आतून बोट फिरवलं. रबरातून केसाएवढं काळं टोक वर आलेलं होतं. बाभळीचा काटा बाहेरून मोडला होता, आतलं टोक तसंच. दुसरी ट्यूब त्यानंच खाल्ली होती. नखानं निघेना, शेवटी तिथल्या एका टपरीवाल्या काकांनी गोणी शिवायच्या दाभणानं उकरून दिला. तेव्हापासून नियम एकच: काटा हातात येईपर्यंत नवी ट्यूब टायरमध्ये जाणार नाही. बोट मात्र हळू फिरवा, काच असली तर कापतं.

भोक कुठं आहे यावरून कारण कळतं. ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एकच भोक असेल तर काटा, काच किंवा तार. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चेपली गेली. आतल्या, रिमच्या बाजूला भोक असेल तर रिमवरची टेप सरकलीय आणि स्पोकचं तोंड घासतंय. मग ट्यूब कितीही बदला, टेप सरळ केल्याशिवाय सुटका नाही.

आणखी एक गोष्ट लोक घरीच विसरतात. रोड बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व बारीक असतो. गावातल्या पंक्चरच्या दुकानात मोटरसायकल आणि ट्रॅक्टरची हवा भरतात, ती नळी त्यावर बसत नाही. पितळी अ‍ॅडॉप्टर मिळतो, बोटाच्या पेराएवढा, तो सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. दुकानातल्या कॉम्प्रेसरनं हवा भरताना थोडी थोडी भरा, दर वेळी टायर दाबून बघा. एका दमात भरली तर ट्यूब फुटते.

पुढची चूक मला सगळ्यात मोठी वाटते. निघण्याआधी आपण पावसाचा अंदाज बघतो, वारा बघतो, शेतात काय चाललंय ते बघत नाही. हे रस्ते भातशेतीच्या हिशोबानं बदलतात. जुलैत चिखलणी सुरू झाली की ट्रॅक्टर खाचरातून थेट डांबरी रस्त्यावर चढतो आणि चाकांचा चिखल वळणावर सांडत जातो. वरून पाऊस पडला की त्याचा साबण होतो. अशा वळणावर ब्रेक दाबू नका. वळणाच्या आधीच वेग कमी करा, सायकल तिरकी न करता सरळ धरून पार करा. रिम ब्रेक (चाकाच्या कडीवर रबर दाबणारे) असतील तर ओल्या रिमवर पकड उशिरा येते हेही धरून चाला. घरी गेल्यावर ब्रेकच्या रबरात अडकलेली रेती काढा, नाहीतर ती रिमच खरवडते.

कापणी-झोडणीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला भात वाळत घातलेलं दिसेल, कुठं पेंढा पसरलेला. पेंढ्यावर बारीक टायर सरकतो, हे झालं आपलं नुकसान. पण ते भात म्हणजे त्या घराचं वर्षाचं धान्य आहे. त्यावरून सायकल नेऊ नका. गाड्या येत असतील तर उतरा, चालत जा. उन्हाळ्यात राब भाजतात, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, तेव्हा वळणावर धूर दाटतो आणि समोरची गाडी दिसत नाही, म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, मोठा गुरांचा बाजार असतो, रस्ता बैलांनी आणि टेम्पोंनी भरलेला असतो. जत्रेला जरूर जा, पण त्या दिवसांत तिथं सायकलचा वेग लावायला जाऊ नका. २ जानेवारीला सिद्धगड किल्ल्याकडेही गर्दी असते. १९४३ साली याच दिवशी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथं हुतात्मा झाले, त्यांना वंदन करायला माणसं लांबून येतात.

रस्त्याचं काँक्रीटीकरण झालं की सायकल चांगली पळते, पण दोन पट्ट्यांमधली लांब फट बारीक टायरला पकडते. मार्गिका बदलताना ती फट जमेल तेवढी काटकोनात ओलांडा, तिच्यावरून समांतर जाऊ नका. कडेची साइडपट्टी भरलेली नसेल तर काँक्रीटची कडा वीतभर उंच असते. मागून ट्रक आला म्हणून घाबरून तिथून खाली उतराल तर पडाल. कडेपासून हातभर आतच चालवा. गावाजवळच्या गतिरोधकांना बरेचदा पट्टे नसतात, आंब्या-वडाच्या सावलीत ते दिसतच नाहीत. शाळा किंवा देऊळ दिसलं की ब्रेकवर बोटं ठेवा. कुत्रं मागे लागलं तर शर्यत लावू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरून चाला.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. भूक लागल्यावर खायचं नाही, त्याआधी खायचं. पाऊण तासाला काहीतरी पोटात जाऊ द्या: केळं, राजगिऱ्याची चिक्की, वसईची सुकेळी (वाळवलेली केळी) मिळाली तर फारच छान. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगातलं मीठ नुसतं वाहून जातं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतू नका. आणि उन्हाच्या दिवसांत दहाच्या आत कर्जत गाठायचं ठेवा.

राहिला घरापासून निघण्याचा प्रश्न. दादर-ठाण्याहून पेडल मारत बदलापूर गाठण्याचा हट्ट मला पटत नाही. शिळफाट्याच्या ट्रक-कंटेनरमध्ये अंधारात दीड तास जीव मुठीत धरायचा आणि चांगल्या रस्त्यावर दमून पोचायचं, हे कशासाठी? पहाटेच्या लोकलनं जा. खिडकीवर सायकलसाठी सामानाचं तिकीट मागून घ्या, मालडब्यात दूधवाले-भाजीवाल्यांचं सामान चढू द्या, मग आपली सायकल चढवा. पुढचं चाक काढून ठेवलंत तर जागाही कमी लागते. रविवारी परत येणार असाल तर शनिवारीच मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठून कुठं आणि किती ते किती आहे ते बघा. कर्जतहून गाडी मिळते, पण ती वाटेत रखडली तर भर दुपारी सायकलसकट मालडब्यात उभं राहणं त्या सत्तर किलोमीटरपेक्षा जास्त दमवतं.