जुन्या भागांतून पहिला डेस्कटॉप: आधी बोर्ड, मग बाकीचं

जुने भाग आणून मी पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडला तेव्हा प्रोसेसर सॉकेटमध्ये अलगद बसला, खटका लागला, पंखा फिरला आणि पडदा काळाच राहिला. रॅम काढून लावली, केबल बदलली, दुसरा मॉनिटर आणला. दोन तासांनी कळलं की दोष कशातच नाही. बोर्ड (म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर बाकीचे भाग जोडतात) सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा होता आणि प्रोसेसर आठव्या पिढीचा. इंटेलने दोन्हींसाठी एकाच मापाचं, १,१५१ पायांचं सॉकेट ठेवलं, पण आतल्या काही पायांची कामं बदलली. म्हणजे बसतो, पण चालत नाही. दोन्ही वस्तू दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या होत्या आणि दोघांनीही चालू मालच दिला होता. भांडणार कोणाशी?

तेव्हापासून ज्याला ज्याला मशीन जोडून दिलं, त्याच्यासाठी खरेदी बोर्डापासून सुरू केली. नवखा माणूस नेमका उलटा जातो. आय५ अमुक रुपयांत मिळतोय म्हटल्यावर तो आधी प्रोसेसर उचलतो. पण प्रोसेसर स्वस्त मिळतो त्याला कारण आहे: तो सहसा मरतच नाही. मरतात ते बोर्ड. धूळ, दमट हवा, विजेचा चढ-उतार, फुगलेले कपॅसिटर, वाकलेल्या पिना, सगळं बोर्डाच्याच वाट्याला येतं. त्यामुळे बाजारात जुने प्रोसेसर ढिगाने आणि चांगले बोर्ड मोजके. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या धंद्यात अगदी शब्दशः लागू पडते.

कोणती पिढी धरायची

घरचा अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ, थोडं प्रोग्रामिंग शिकणं एवढं काम असेल तर इंटेलची आठवी पिढी धरा: आय३-८१००, आय५-८४०० किंवा आय५-८५००. २०१७च्या अखेरीस आलेल्या या पिढीत डेस्कटॉपच्या आय५ला चारऐवजी सहा कोअर मिळाले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण इथूनच सुरू होतात. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची मशीनं ऑफिसांनी बाहेर काढली. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम वापरायची तयारी असेल तर तो माल वाईट नाही. आय५-६५०० आजही रोजचं काम मुकाट्याने करतो.

इंटेलऐवजी एएमडी या दुसऱ्या कंपनीकडे जायचं असेल तर एएम४ सॉकेट बघा. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा: रायझन ३ २२००जी यासारख्या शेवटी 'जी' असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवणारा भाग, आतच असतं, रायझन ५ २६००मध्ये नसतं. तो घेतलात तर वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यावंच लागेल. इंटेलमध्ये नावाशेवटी 'एफ' दिसला की हाच प्रकार.

आता बोर्ड. आठव्या पिढीसाठी एच३१०, बी३६०, बी३६५, एच३७० यांपैकी काहीतरी बोर्डावर छापलेलं हवं. एच११०, बी१५०, बी२५० दिसलं तर तो सहाव्या-सातव्या पिढीचा. दुकानदार म्हणेल, "सॉकेट सेम आहे, चालून जाईल." वर सांगितलं ते याच वाक्याचं फळ होतं.

ऑफिसच्या ब्रँडेड मशीनमधून काढलेले बोर्ड स्वस्तात दिसतात. त्यांच्या मोहात पडू नका. डेल, एचपीच्या अशा अनेक बोर्डांना नेहमीच्या २४ पिनांऐवजी कंपनीचा स्वतःचा पॉवर कनेक्टर असतो, मापही वेगळं असतं, आणि समोरच्या बटणाच्या तारासुद्धा त्यांच्याच पद्धतीच्या. नेहमीच्या कॅबिनेटमध्ये ते बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा शर्ट उसवून शिवणं. ब्रँडेड हवंच असेल तर अख्खं मशीन घ्या. त्यात एक फायदाही आहे: मूळ विंडोजचं लायसन्स बहुधा बोर्डाशीच बांधलेलं असतं, ते तुमच्याकडे येतं.

नवं काय, जुनं काय

दोनच वस्तू नव्या घ्या, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क). बाकी बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट, कीबोर्ड, मॉनिटर सगळं जुनं चालतं.

एसएमपीएस नवाच का? कारण तो बिघडला तर एकटा जात नाही, बोर्डालाही सोबत नेतो. बाजारात '४५० वॉट' लिहिलेला हलका पत्र्याचा डबा अगदी कमी पैशांत मिळतो. तो हातात घ्या आणि शेजारी वीज कमी वाया घालवण्याचा ८० प्लस ब्राँझ हा शिक्का असलेला घ्या. वजनातला फरक हातालाच कळतो. ग्राफिक्स कार्ड नसलेलं आठव्या पिढीचं मशीन पूर्ण जोरात चालतानाही शंभर वॉटच्या आसपासच घेतं, त्यामुळे मोठ्या आकड्यामागे धावू नका, चांगल्या बनावटीचा ४५० घ्या. आणि तो कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरते.

एसएसडी झिजणारी वस्तू आहे, म्हणून नवी. २५६ जीबी पहिल्या मशीनला पुरते. जुनी हार्डडिस्क फोटो-सिनेमे ठेवायला घेतलीत तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये तिचे चाललेले तास आणि 'रीअलोकेटेड सेक्टर्स' (खराब झाल्याने बदललेल्या जागा) बघा. दुसरा आकडा शून्य नसेल तर ती परत ठेवा.

रॅमचे भाव मी लिहून देत नाही. २०२५च्या शेवटी ते असे उसळले की महिन्यापूर्वीचा भाव सांगितला तर दुकानदार हसतो. त्या दिवशी तीन ठिकाणी विचारा. आठ जीबीच्या खाली जाऊ नका. जमलं तर आठची एक घेण्यापेक्षा चारच्या दोन घ्या. दोन कांड्या असल्या की आतलं ग्राफिक्स बरंच मोकळं चालतं. एक सापळा मात्र सांगून ठेवतो: सर्व्हरमधली 'रजिस्टर्ड ईसीसी' रॅम कधीकधी फार स्वस्त मिळते. ती दिसायला तशीच, बसतेही तशीच, पण साध्या बोर्डावर चालत नाही. लेबलवर १६जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर असं काही असेल, तर तो शेवटचा 'आर' वाचा.

बाजारात

मुंबईत याची पेठ म्हणजे लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. रस्त्याचं खरं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन विचारलंत तर चहावालाही तुमच्याकडे बघत राहील. रविवारी बहुतेक शटर खाली असतात. पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कॅबिनेट, केबली, स्क्रू हौसेने शोधा, पण बोर्ड तिथून घेऊ नका, कारण तिथे तो चालू करून बघायला जागा नसते.

आणि चालू करून बघणं हेच खरं काम आहे. म्हणून बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकाच दुकानातून, जोडलेल्या अवस्थेत घ्या. याला कॉम्बो म्हणतात. सुटे घेतल्यापेक्षा दोन-तीनशे जास्त गेले तरी जाऊ द्या. घरून एक पेनड्राइव्ह न्या, त्यात लिनक्स मिंट टाकलेलं असू द्या. ते इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालतं. कॉम्बो त्यावर सुरू करायला सांगा आणि मग एकेक यूएसबी पोर्ट, लॅनचा पोर्ट, इअरफोनचं भोक तपासा. रॅम दुसऱ्या खाचेत लावून पुन्हा सुरू करा, मेलेली खाच इथेच सापडते. बोर्ड बंद असताना प्रोसेसर काढायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून इंटेलच्या सॉकेटच्या पिना बघा. भाताच्या रोपांसारख्या सरळ रांगा दिसल्या पाहिजेत. एखादी पिन आडवी दिसली की चमक तुटते. बोर्डाच्या मागच्या बाजूला पिवळट चिकट डाग असले तर तो दुरुस्त केलेला आहे. दुरुस्त बोर्ड चालतोच, फक्त तसा भाव करा.

दुकानदार तोंडाने 'चेकिंग वॉरंटी' देतो, म्हणजे ठरावीक दिवसांत माल बिघडला तर परत घ्यायची हमी. ती किती दिवसांची हे बिलावर किंवा निदान कार्डाच्या मागे लिहून घ्या. घासाघीस करायची असेल तर रुपयांत करण्यापेक्षा दिवसांत करा. शंभर रुपये कमी करण्यापेक्षा सातऐवजी पंधरा दिवस मिळवणं जास्त कामाचं.

जोडणी

घरी आल्यावर लगेच कॅबिनेटमध्ये काही बसवू नका. टेबलावर पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र ठेवा, त्यावर बोर्ड. नायलॉनचे कपडे नकोत, गालिचा नको. मधूनमधून एखाद्या रंग नसलेल्या धातूला हात लावत जा, अंगातली स्थिर वीज निघून जाते.

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात सोनेरी त्रिकोण असतो, तसाच सॉकेटवर. दोन्ही जुळवा, प्रोसेसर वरून नुसता ठेवा, दाबू नका. खटका लावताना कुरकुर आवाज येतो, तो नेहमीचाच. प्रोसेसर आणि त्यावरचा पंख्याचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, यांच्यामध्ये थर्मल पेस्ट नावाचा लेप असतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी मध्यभागी तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी ठेवा. पसरवत बसू नका, हीटसिंक दाबला की ती आपोआप पसरते. इंटेलच्या हीटसिंकला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांनी दाबा, एका बाजूने नाही. चारही वेळा टक् असा आवाज यायला हवा. मग बोर्ड उचलून मागून बघा, चारही टोकं बाहेर आली आहेत ना. जुन्या हीटसिंकची एखादी खुंटी तुटलेली असणं हे फार सर्रास होतं. तसं असेल तर नवा साधा हीटसिंक घ्या, दोऱ्याने बांधायचा विचारसुद्धा नको. पंख्याची तार 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी.

बोर्डाला चार खाचा असतील तर रॅमच्या दोन कांड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावा. मग एसएमपीएसची २४ पिनांची मोठी तार, आणि प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी तार. ही दुसरी हमखास विसरली जाते. मॉनिटरची केबल बोर्डाला लावा. पॉवर बटण अजून नाही, तेव्हा 'पॉवर स्विच' लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा.

पडद्यावर बोर्डाचं नाव आलं की अर्धी लढाई झाली. नाही आलं, तर वाटेल ते भाग बदलू नका. आधी ती ४-८ पिनांची तार. मग रॅम काढा आणि तिचे सोनेरी पाय शाळेच्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, कापडाने पुसा, एकच कांडी लावून बघा. हसू नका, दुरुस्तीवाले पहिला उपाय हाच करतात, कारण जुन्या पायांवर बसलेला थर खरंच अडवतो. तरीही नाही, तर प्लग काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. जुन्या मालकाची सेटिंग पुसली जाते. सेल जुनाच असतो, तेव्हा नवाच बसवा. दर वेळी तारीख मागे जाण्याचा त्रास टळतो.

आता कॅबिनेट. आधी मागच्या पोर्टांची बॅकप्लेट, नाहीतर बोर्ड बसवल्यावर सगळं पुन्हा काढावं लागतं. बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे छोटे खुंट) बरोबर भोकांखाली आहेत ना, हे मोजून बघा. एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाच्या पोटाला टेकून शॉर्ट होतो. समोरच्या बटणांच्या तारा चिमुकल्या असतात. त्यांचा नकाशा बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये असतो आणि मॅन्युअल मॉडेल नंबरवरून नेटवर मिळतं.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष कॉम्प्युटरचा नाही. घरच्या सॉकेटला अर्थिंग नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

ग्राफिक्स कार्ड नंतर

गेमिंगचा हट्ट असेल तरी पहिला महिना कार्डाशिवाय काढा. नंतर जुनं घ्यायचं झालं तर जीटीएक्स १०५० टीआय हे बरं कार्ड: ७५ वॉटचं, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवरची तार लागत नाही. पण याच नावाने बनावट कार्डं फार विकली जातात. आत खूप जुनी चिप, वर बदललेला बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर). जीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम चालवा. बनावट असेल तर नावाआधी 'फेक' असं तो लिहूनच दाखवतो.

सिस्टीम, आणि मग छळ

लिनक्स मिंट टाकलंत तर ब्राउझर, लिबरऑफिस सोबतच येतं, देवनागरी कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. विंडोज ११ टाकायचं असेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करा. इंटेलच्या बोर्डावर ते 'पीटीटी' नावाने असतं, एएमडीच्या बोर्डावर 'एफटीपीएम' नावाने. 'अ‍ॅक्टिव्हेट करून देतो' म्हणणाऱ्याची पेनड्राइव्ह नव्या मशीनला लावू नका.

आता मशीन चांगलं चाललंय म्हणून त्याला जपून वापरू नका. चेकिंग वॉरंटी असेपर्यंत त्याला छळा. एक रात्र मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालू ठेवा. एकही लाल ओळ आली तर ती रॅम परत. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उकाड्यात तासभर प्रोसेसर पूर्ण जोरात पळवा आणि तापमान बघा. ऐंशी अंशांच्या आत असेल तर निर्धास्त रहा, शंभरकडे सरकायला लागलं तर हीटसिंकची एखादी खुंटी नीट बसलेली नाही. मग मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी गार असताना सुरू करा. दुरुस्त केलेले बोर्ड दुकानात गरम असताना छान चालतात आणि असे गार सकाळीच रुसतात. तेव्हा वॉरंटीचे दिवस मोजताना निदान तीन सकाळी हातात राहतील असं बघा.